आमच्या बोअरचा गरम झरा

इंटरनेटवर लिहिलेलं सगळं खरं असतं, असं मानणाऱ्या दोन मुली तेव्हा आदिलाबादेत होत्या. एक मी आणि दुसरी माझी मैत्रीण. बाकी गावाला इंटरनेट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आमच्याशी वाद घालायला कुणी नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि शिकायला मामाकडे राहत होते. आमचं गाव गुडीहत्नूरहून आत, मातीच्या रस्त्यानं. घरी कापूस, ज्वारी आणि शेतात एक बोअर. मैत्रीण मामाच्याच गल्लीतली. तिच्या घरचे शहराबाहेरच्या मळ्यात मेथी-वांगी लावायचे. ती उंचीनं माझ्या खांद्याएवढी, बोलण्यात माझ्या दुप्पट, आणि हसायला लागली की जिथे असेल तिथे खाली बसायची. घरी, कॉलेजात, भर रस्त्यात. मग तिला उठवेपर्यंत मलाही हसू यायचं आणि आम्ही दोघी बसून राहायचो.

बस स्टँडच्या मागे एका माडीवर कम्प्युटर इन्स्टिट्यूट निघालं होतं. चपला बाहेर काढून आत जायचं. आत पाच कम्प्युटर, त्यातल्या एकावर इंटरनेट. तिथले सर निजामाबादकडचे. तेलुगू बोलणारे, आमच्याशी मात्र हिंदीत बोलायचे. इंटरनेट लावायचं म्हणजे फोनवरून हैदराबाद लावायचं. फोनला जोडलेल्या डब्यातून कोंबडी धरल्यासारखा आवाज यायचा, मग घशात काही अडकल्यासारखा, आणि मग एकदम शांत. ती शांतता झाली की मैत्रीण माझा हात घट्ट धरून म्हणायची, "लागलं!"

पहिल्यांदा तिनं काय शोधलं असेल, तर उंची कशी वाढवायची. एक पान उघडलं. पांढऱ्याशुभ्र कोटातला, चष्मा लावलेला एक गोरा माणूस, आणि त्याच्याखाली लिहिलेलं की रोज सकाळी दांडीला दहा मिनिटं लोंबकळलं की महिन्यात दोन इंच. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मळ्यातल्या कडुनिंबाच्या फांदीला ती लोंबकळायला लागली. तिची आई खाली मेथीच्या जुड्या बांधत बसायची आणि वर बघून म्हणायची, "माय वो, उतर खाली, लग्नाची पोरगी तू!" महिन्यानं आम्ही तिला दाराच्या चौकटीला लावून मोजलं. होती तेवढीच.

"मंग खोटं होतं ते पान," मी म्हटलं.

"खोटं कसं राहीन? इंग्रजीत होतं. फांदी खाली वाकते म्हणून झालं असीन ते. त्याईनं लोखंडी दांडी सांगितली होती."

आम्ही खरंखोटं असंच ठरवायचो. इंग्रजीत असेल तर खरं. चष्म्याचा माणूस असेल तर जास्त खरं. काळ्या रंगावर पिवळी अक्षरं असली तर ते लफंग्या पोरांचं पान, त्यावर भरवसा नाही. उघडायला वेळ लागला तर, मैत्रीण म्हणायची, जड आहे म्हणजे माल आहे. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे पानाच्या तळाशी असलेला आकड्यांचा काटा. स्कूटरच्या मीटरसारखा. तुम्ही इतक्याव्या नंबरचे पाहुणे, असं तो सांगायचा. आकडा मोठा दिसला की आम्ही दोघी मान डोलवायचो. एवढी माणसं येऊन वाचून गेली. खोटं असतं तर कुणीतरी बोललं नसतं का?

त्या हिवाळ्यात सरांनी आम्हाला पान बनवायला शिकवलं. एक दिवस ते वर्गात म्हणाले, "हर जोडी अपने गाँव का पेज बनाओ। जिसका अच्छा होता, उसका मैं सच्ची में इंटरनेट पे डालता।"

मैत्रिणीनं लगेच माझं गाव घेतलं. आदिलाबादेवर तर कुणीही करेल, तिचं म्हणणं. मी इंग्रजीत टाईप केलं: आमचं गाव लहान आहे. दोनशे घरं आहेत. शाळा आहे. मारुतीचं देऊळ आहे. झालं. खाली एवढं पांढरं उरलं होतं की वाचणाऱ्याला वाटावं, गाव बुडालं.

शेजारच्या कम्प्युटरवर भैंसा गावचे दोन पोट्टे बसले होते. त्यांच्या पानावर कापसाच्या गंजीचा फोटो, खालून वाहत जाणारी अक्षरं आणि कोपऱ्यात गरगर फिरणारी पृथ्वी. मैत्रीण त्या पृथ्वीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

"सांग नं बाप्पा, अजून काय हाय तुह्या गावात?"

"बोअर हाय आमच्या शेतात."

"बोअर सगळ्याईकडं रायते."

"आमच्या बोअरचं पाणी थंडीत गरम येते. सकाळी वाफा निघतात."

ती स्टुलावर पूर्ण फिरली. "म्हणजे झरा."

"झरा नाई. बोअर. मोटर हाय त्याले."

"पाणी कुठून येते? जमिनीतून. गरम येते का? येते. मंग इंग्रजीत त्याले काय म्हणतात?"

सरांच्या टेबलावर जाडी डिक्शनरी होती. ती उघडून आम्ही शब्द काढला: हॉट स्प्रिंग. तो पडद्यावर उमटला आणि मी स्टूल पुढे ओढून तो पुन्हा वाचला. एवढा छान दिसत होता तो.

"लोक येतात का पाहाले?" तिनं विचारलं.

"मावशी येते न भैंशाहून. दिवाळीले."

तिनं सांगितलं आणि मी टाईप केलं: दूरदूरहून लोक इथे येतात.

माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. ती थंडीत हौदाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडायची आणि म्हणायची, गुडघे मोकळे झाले. आम्ही लिहिलं: सांधेदुखी बरी होते. मागं एकदा बाबा त्याच पाण्याची बाटली भरून शेतीच्या ऑफिसात तपासायला देऊन आले होते, कपाशीला चालतं की नाही ते बघायला. कागद कधी आलाच नाही. आम्ही लिहिलं: शास्त्रज्ञांनी या पाण्याचा अभ्यास केला आहे. एकेका वाक्यागणिक मैत्रीण खाली बसत होती आणि मी तोंडात ओढणी कोंबून टाईप करत होते. मला ठाम आठवतं, आपण खोटं लिहितोय असं एकदाही वाटलं नाही. एकेक वाक्य घेतलं तर त्याच्यामागं काहीतरी होतंच की. शेवटी, गावाला कसं यायचं ते लिहायचं होतं. मैत्रीण म्हणाली, "लिही, गुडीहत्नूरला उतरून कोणालाही विचारा."

मग काटा बसवायची वेळ आली. सरांनी सांगितलं, सुरुवात शून्यापासून होते, पण पाहिजे तर दुसरा आकडाही घालता येतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. घालता येतो? म्हणजे आजवर आम्ही ज्याच्यासमोर मान डोलवत होतो ते...? पण तो विचार पुरा व्हायच्या आत मैत्रिणीनं एक्केचाळीस हजार टाकून दिले होते.

आमचं पान पहिलं आलं. सरांनी ते इंटरनेटवर चढवलं आणि आम्ही भैंशाच्या पोट्ट्यांसमोरून अशा चाललो जसं काही पृथ्वी आम्हीच फिरवतो.

पुढचं आम्हाला नंतर समजलं. एका तेलुगू पेपरचे बातमीदार सरांकडे बातम्या टाईप करायला यायचे. त्यांनी आमचं पान बघितलं आणि जिल्ह्याच्या पानावर कोपऱ्यात एक बातमी लावली. बातमीत आमची नावं नव्हती. नुसतं एवढंच, की गुडीहत्नूरजवळच्या एका गावातल्या गरम पाण्याच्या झऱ्याचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे आणि त्याची कीर्ती इंटरनेटवरून जगभर गेली आहे.

दोन आठवड्यांनी मामाच्या दुकानातल्या फोनवर बाबांचा निरोप आला. रविवारी ये. आणि ती इंग्रजी बोलणारी मैत्रीण आहे न, तिले बी आण. लोक येऊन राह्यले.

शनिवारच्या संध्याकाळच्या बसनं आम्ही गेलो. रविवारी सकाळी शेतात जाऊन बघतो तर बोअरच्या हौदाचं शेवाळ खरवडून काढलेलं, भोवती सडा टाकलेला, शेजारी दोन बाजा मांडलेल्या. बांधावर पत्र्याची पाटी, त्यावर चुन्यानं लिहिलेलं 'गरम पाणी' आणि एक बाण. आत्या नव्या लुगड्यात हौदाच्या काठावर अशी बसली होती की तिला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. कापूस वेचणाऱ्या बायाही अधूनमधून वाकून पाहून जात होत्या.

बाबांनी खिशातून पेपरची घडी काढली. "वाच. तेलुगू येते न तुले? आपल्या बोअरचं आलं हाय. मास्तरनं हॉटेलात सगळ्याईसमोर वाचून दाखोलं."

मी वाचलं आणि माझे कान गरम झाले. "बाबा, हे आमीच लिहिलं."

"काय लिहिलं?"

"हे झऱ्याचं. आमी दोघीनं. कम्प्युटरवर."

बाबांनी माझ्याकडे लहान लेकराकडे बघावं तसं बघितलं. "तू काऊन लिहिशीन? पेपरात हाय हे. आन् पेपरात लिहिलं का इंटरनेटवर बी हाय म्हणून. दोन ठिकाणी हाय."

"इंटरनेटवर आमीच टाकलं, बाबा. तिथून पेपरवाल्यानं घेतलं."

"मंग शास्त्रज्ञ?"

"तुमीच नाई का बाटली देऊन आले होते?"

बाबांनी माझ्या हातातून पेपर परत घेतला. मग त्यांचा चेहरा उजळला. "पाहाय! म्हणजे अभ्यास केला त्याईनं. मले कागद दिला नाई, पेपरवाल्याले देला."

मैत्रीण तिथेच बांधावर खाली बसली.

तिला उठवत होते तेवढ्यात ऑटो आला. त्यातून एक उंच म्हातारे गृहस्थ उतरले. स्वेटर, मफलर, बगलेत प्लास्टिकची फाईल. त्यांनी हात देऊन आपल्या बायकोला उतरवलं. त्या काठीवर भार देत एकेक पाऊल टाकत येत होत्या. पैनगंगेपलीकडून, पांढरकवड्याच्या बाजूनं आले होते दोघं. ते हायस्कूलचे रिटायर हेडमास्तर. पुण्याच्या भाच्यानं इंटरनेटवर आमचं पान बघितलं आणि कागदावर छापून पोस्टानं धाडलं, कारण मामीचे गुडघे फार दुखतात.

आता मात्र माझं हसू पार पळालं. पानावरच्या वाक्यांना गुडघे असतात, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काकू बाजेवर टेकल्या आणि लांब श्वास सोडला. मला तोंड लपवावंसं वाटलं.

हेडमास्तरांनी हौदाकडे पाहिलं. पाइप कोरडा होता. "झरा किती वाजता सुरू होतो?"

"लाईन आली का," बाबा म्हणाले.

"लाईन?"

"थ्रीफेज. या हप्त्यात नऊले येते. मागच्या हप्त्यात चारले होती."

"पण पानावर नैसर्गिक झरा लिहिलं आहे."

"नैसर्गिकच हाय सर. फक्त मोटरनं येते."

हेडमास्तरांनी घड्याळात पाहिलं. नऊला दहा कमी होते. ते बाजेवर बसले आणि वेळ घालवायला त्यांनी फाईल उघडली. आमचं पान! पहिल्यांदाच आम्ही ते कागदावर बघत होतो. पण कागद लालभडक झाला होता. जागोजागी लाल शाईच्या खुणा, गोल, बाण, समासात दुरुस्त्या.

"लिहिणारा कोण आहे माहीत नाही," हेडमास्तर म्हणाले, "पण इंग्रजी अगदीच कच्चं आहे. काल रात्री बसून मी अकरा चुका काढल्या. आता ही पाहा, हा शब्द असा लिहितात का?"

मैत्रिणीनं मान पुढे करून बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, डिक्शनरीत तसाच होता तो!"

हेडमास्तरांनी कागदावरून मान वर केली.

"तुला काय ठाऊक?" हेडमास्तरांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघायला लागली. मी आत्याकडे बघितलं, आत्यानं पाण्याकडे. मग मीच बोलले. "सर, ते पान आमी लिहिलं. आमचं चुकलं. इथं झरा नाई. बोअर हाय. थंडीत कोमट पाणी येते, बस. काकूचे गुडघे... आमाले माहीत नव्हतं कोणी येईन म्हणून."

मला वाटलं आता ते ओरडतील. शाळेत हेडमास्तर ओरडतात तसं. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, कागद मांडीवर सरळ केला आणि तोंडी परीक्षेला बसवावं तसं आम्हाला समोर उभं केलं.

"दूरदूरहून लोक येतात. कोण येतं?"

"माझी मावशी. भैंशाहून."

"अजून?"

"तिचा नवरा."

त्यांनी वाक्याखाली रेघ मारली. "सांधेदुखी बरी होते. कुणी सांगितलं?"

"आत्यानं," मी म्हटलं.

"मी सांगतलं," आत्या तिकडून म्हणाली. "आन् खरं हाय ते."

"एक्केचाळीस हजार लोकांनी हे पाहिलं?"

"तो आकडा मीनं टाकला, सर," मैत्रीण हळूच म्हणाली. "आमीच पाहिलं जास्त. सतरा-अठरा डाव."

हेडमास्तरांनी पेन बंद केलं. "मी काही भोळा नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "मला शंका होती. म्हणून गुडीहत्नूरला उतरल्यावर चार जणांना विचारलं. चहावाल्याला, ऑटोवाल्याला, औषधाच्या दुकानात आणि एका कंडक्टरला. चौघांनीही सांगितलं, आहे झरा."

"त्याईनं पेपरात वाचलं, सर."

"आणि पेपरवाल्यानं?"

"आमच्या पानावर."

"आणि पानावर?"

मी मैत्रिणीकडे बोट दाखवलं. हेडमास्तरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. "म्हणजे चार साक्षीदार नव्हतेच," ते म्हणाले. "चौघांच्या तोंडून एकटी ही बोलत होती!"

आणि काकू हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग त्यांनी पदर तोंडाला लावला, मग तोही सुटला. "पोरींनो, यांनी रात्रभर चष्मा लावून तो कागद तपासला हो," त्या हसता हसता म्हणाल्या. "एकही कॉमा सोडला नाही. मी म्हटलं, अहो, पण पाणी खरंच आहे का, ते विचारा कुणाला. तर म्हणतात, आधी व्याकरण पाहू दे!"

हेडमास्तरांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, मफलर वर ओढला, पण मफलरातूनही ते दिसत होतं. मैत्रीण खाली बसलेली होतीच. मलाही हसू फुटलं. रडू येणार होतं ते असं बाहेर पडलं असावं.

तेवढ्यात मोटर घुमली. पाइपानं दोन उचक्या दिल्या आणि जाड पांढरी धार हौदात कोसळली. त्या थंडीत तिच्यावरून वाफेचे लोट उठले. आत्यानं काकूंचा हात धरला. "या बाई. तो कागद राहू द्या तिकडं. पाय टाका."

काकूंनी पाय सोडले. "अगंबाई," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

"बरं वाटतं का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"छान वाटतंय. गुडघे काही बरे होत नाहीत, पण छान वाटतंय. आता लाईन जाईपर्यंत मला उठवू नका."

लाईन दुपारी गेली. तोवर त्या आणि आत्या पाय पाण्यात सोडून बोलत बसल्या होत्या. लेकी, सुना, कुणाच्या घरचं पापडाचं पीठ कसं बिघडलं, सगळं निघालं. आईनं शेतातच ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. हेडमास्तर जेवताना बाबांना समजावत होते की बोअर म्हणजे झरा नव्हे. बाबा सगळं ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बराबर हाय सर. पण पेपरात तसं नाई."

जाताना हेडमास्तरांनी लाल खुणांचा कागद माझ्या हातात दिला. "हे पान नीट करा. इंग्रजीही आणि बाकीचंही. आणि कुठलंही वाक्य वाचलं की आधी एवढंच विचारा, हे कुणी पाहिलं? पाहणाऱ्याचं नाव सापडेपर्यंत मागे मागे जा. चार जण भेटले म्हणून थांबू नका. मी थांबलो."

सोमवारी आम्ही इन्स्टिट्यूटमध्ये गेलो आणि सरांना सांगितलं, पान बदलायचं आहे. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अच्छा पेज कू खराब कायको करते?" पण आम्ही ऐकलं नाही. झऱ्याचं बोअर केलं. दूरदूरच्या लोकांचं मावशी केलं. काटा शून्यावर आणला. सांधेदुखीच्या वाक्यावर मात्र खूप वाद झाला. मैत्रीण म्हणाली, आत्यानं स्वतःच्या गुडघ्यांचं सांगितलंय, ते खोटं कसं? म्हणून आम्ही लिहिलं: एका बाईंना बरं वाटतं, दुसऱ्या बाईंना छान वाटलं पण गुडघे तसेच आहेत. सगळ्या इंटरनेटवर इतकं काटेकोर वाक्य दुसरं नसेल, अशी माझी तेव्हा खात्री होती.

आणि मग आम्हाला चटकच लागली. त्या आठवड्यात इन्स्टिट्यूटमध्ये कुणाचंही पान उघडलं की आम्ही दोघी मागे जाऊन उभ्या. हे कुणी पाहिलं? सगळा वर्ग आमच्यासारखा झाला. एका इंद्रवेल्लीच्या मुलीनं तिच्या पानावर लिहिलं होतं की त्यांच्या जंगलात वाघ आहे. कुणी पाहिला? काकानं. काका कुठे आहेत? त्यांनी पाहिला नाही, त्यांच्या मेव्हण्यानं पाहिला. मेव्हणे? त्यांनी आवाज ऐकला. कसला आवाज? इथपर्यंत आलो तेव्हा ती मुलगी स्वतःच हसून हसून टेबलावर डोकं ठेवून बसली होती. तिनं वाघ पुसला आणि लिहिलं, जंगलात आवाज येतो. सर म्हणाले, ऐसा करते तो किसी का भी पेज नहीं बचता. खरंच होतं ते. चार दिवसांत वर्गातली निम्मी पानं इतकी आखूड झाली की उघडायला वेळच लागेना.

चष्म्याचा तो उंचीवाला डॉक्टरही आम्ही पुन्हा उघडून पाहिला. पूर्ण पान वर-खाली केलं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. गाव नव्हतं, दवाखाना नव्हता. अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, लोखंडी दांडी विकत कशी मागवायची ते होतं. मैत्रीण बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. "महिनाभर लोंबकळली बाप्पा मी," ती म्हणाली. "याच्या दुकानासाठी!"

आम्ही कमी भरवसा ठेवायला लागलो असं नाही. मला तर उलट वाटतं, त्यानंतर वाचायला जास्त मजा यायला लागली. आधी नुसतं पान दिसायचं. आता पानामागे कुणीतरी बसलेलं दिसायचं. स्टुलावर बसून, तोंडात ओढणी कोंबून, आता काय लिहावं म्हणून शेजारणीकडे बघणारं.

महिनाभरानं, पानाखाली दिलेल्या सरांच्या पत्त्यावर, आम्हाला पहिलं ई-मेल आलं. सरांनी जिन्यातच थांबवून सांगितलं आणि आम्ही चपलांसकट आत धावलो. नागपूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं. त्यांनी आधीचं पान वाचलं होतं, आता पुन्हा बघितलं तर झरा नाहीसा झालेला. त्यांचा पक्का संशय होता की गर्दी होऊ नये म्हणून गावकऱ्यांनी तो मुद्दाम लपवला आहे. खरं काय ते कृपया कळवा, मी कुणाला सांगणार नाही.

आम्ही दोघींनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मैत्रीण खुर्चीवरून खाली सरकायला लागली होती. मी तिला दंडाला धरून वर ओढलं, कारण उत्तर तर द्यायला पाहिजे होतं. एवढ्या लांबच्या अनोळखी माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते. इंग्रजीत चार ओळी लिहायला आम्हाला अर्धा तास लागला, प्रत्येक शब्द डिक्शनरीत दोनदा पाहिला. काका, झरा नाही. बोअर आहे. पाणी आम्ही स्वतः पाहिलं आहे, हात घालून. तुम्हीही या, पण आधी फोन करून लाईन कधी आहे ते विचारा. खाली मामाच्या दुकानाचा नंबर टाकला.

त्यांचा फोन आला. मामाच्या दुकानात, दुसऱ्याच आठवड्यात. मामांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि पलीकडून ते गृहस्थ अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "बोलता येईल ना? जवळपास कुणी नाही ना?"